पुस्तकात नसलेली एसटी

“या महिन्यात?” आत्तींनी हातातलं सूप खाली ठेवलं. “लगीन कुणाचं हाय घरात? तुझ्या पुस्तकाचं, का माझ्या लेकीचं?”

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती तांदूळ पाखडत होत्या आणि मी वाचनालयातून आणलेली सहाशे पानांची कादंबरी पदराखाली धरून उंबऱ्यात उभी होते. सहाशे पानं पदराखाली लपत नाहीत.

“दोन्ही होईल,” मी म्हणाले.

“हुईल म्हणं. रुखवत कोण करणार? कुरडया कोण घालणार? आहेराची लुगडी कोण लावणार?”

“मीच करणार. तुम्ही सांगाल ते सगळं करणार. फक्त महिनाअखेरीच्या रविवारी मला दुपारी मोकळीक द्या.”

आत्तींनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांची नजर तराजूसारखी होती, उगीच खाली-वर व्हायची नाही. “बरं तर. लग्नाचं एक जरी काम तुझ्या वाचनापायी अडलं, तर वाचनालयाचं कार्ड मी माझ्या हातानं परत करून येणार. आणि पुन्यांदा त्याचं नाव न्हाई काढायचं. हाय कबूल?”

“कबूल.”

“मग आत जा आणि आधी कणीक मळ.”

आमच्या तालुक्याच्या गावातल्या त्या छोट्या वाचनालयात दरवर्षी फेब्रुवारीत वाचनमहिना असायचा. समिती एक जाडजूड पुस्तक निवडायची. ज्याला हौस त्यानं ते महिन्याभरात वाचायचं आणि शेवटच्या रविवारी लोकांपुढं त्यावर बोलायचं, हातात कागद न घेता. त्या वर्षी नवीन जाहीर झालं होतं की जो पहिला येईल त्याला वर्षभर पुस्तक-खरेदीच्या समितीवर घेणार. गावात कुठली पुस्तकं यावीत ते मी ठरवणार! माझं बी.ए. लग्नामुळं अर्धं राहिलं होतं. त्यानंतर मला कुणी ‘तुला काय वाटतं’ असं विचारलेलं आठवत नाही, फार तर आमटीत मीठ किती ते विचारायचे. ती खुर्ची मला हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती.

आणि नेमकं त्याच महिन्यात माझ्या नणंदेचं, वैजूचं, लग्न निघालं. त्यात स्थळ कुठलं, तर वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर नाईक सर, त्यांचाच मुलगा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत.

मग मी वेळ चोरायला लागले. पहाटे सगळ्यांच्या आंघोळीसाठी बंब पेटवायचा, त्या जाळाच्या उजेडात काही पानं. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की राखण मीच मागून घ्यायची. कावळे हाकलले जायचे आणि पानंही उलटायची. पिठाच्या गिरणीत नंबर लावून उभी राहिले की दळण आणि प्रकरण एकदमच संपायचं. कादंबरी होती एका नावाड्याच्या भागीरथी नावाच्या सुनेची. फार जुना काळ. नदीवर पूल नाही, रस्त्याला बैलगाड्या. सासरची माणसं तिला होडीला हात लावू देत नाहीत आणि ती पहाटे चोरून वल्हं मारायला शिकते. मला ती बाई आमच्याच गल्लीतली वाटायला लागली होती.

अडलं ते रुखवतापाशी. मण्यांचं तोरण, लोकरीचे ससे, मोत्यांचा कलश, शेवयांचं घर! ते सगळं दोन हातांचं काम नव्हतं. तेव्हा धावून आली प्रमिला.

प्रमिला शेटे आमच्या समोर राहायची. बालवाडी चालवायची, माझी सायली तिच्याच बालवाडीत होती. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा सगळे मला ‘दिनकरची बायको’ म्हणायचे. हेमा म्हणून पहिली हाक तिनं मारली होती. हळदीकुंकवात उखाणा घ्यायला उभी राहिली की बायका वाण घ्यायचं विसरून तिच्या तोंडाकडं बघायच्या, असं तिचं बोलणं.

“हेमे, तू अशी एकटी मरणार आहेस का?” तिनं सुईदोरा माझ्या हातातून काढून घेतला. “मी येत जाईन दुपारची. पण मला गोष्ट सांगायची. ते जाडजूड पुस्तक वाचायचा धीर मला नाही बाई, डोळे दुखतात माझे. हात माझे, तोंड तुझं. पटतंय?”

“तू नाही भाग घेतलास?”

“मी? मी कुठली गं. मला नुसती गोष्ट ऐकायची हौस.”

रोज दुपारी ती यायची. मी शेवया वळत, मणी ओवत पहाटे वाचलेलं सांगायची. नुसतं काय झालं ते सांगून माझं भागत नसे. मला काय वाटलं, लेखकानं कुठं घाई केली, भागीरथी कुठं खोटं बोलली, सगळं सांगायची. “भागीरथी नदीला भीत नाही, घराला भिते,” असं मी एकदा म्हणाले तेव्हा प्रमिलाची सुई थांबली. “परत म्हण,” ती म्हणाली. मी खुळी परत म्हणाले. असं कुणी लक्ष देऊन ऐकलं की माणसाचं काय होतं, ते ज्याचं कधी कुणी ऐकलेलं नाही त्यालाच कळेल.

लग्न चार दिवसांवर आलं. त्या दुपारी आत्ती आणि वैजू कासाराकडं बांगड्यांची मापं द्यायला गेल्या होत्या. मी भागीरथीची होडी सासरा कुऱ्हाडीनं फोडतो तो भाग सांगत होते. तिच्याच फळ्या चुलीत घालून तिलाच भाकरी करायला लावतात. सांगता सांगता माझा आवाज चिरकला.

“काय झालं गं?” प्रमिला म्हणाली.

आणि मी सांगितलं. आजवर नवऱ्यालाही न सांगितलेलं.

लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत कॉलेजची पुस्तकं होती. परीक्षा बाहेरून देईन अशी आशा होती. एक दिवस सकाळी बंबाच्या राखेत मला एका पुस्तकाची अर्धी जळकी पाठ सापडली. ट्रंक रिकामी. आत्तींना मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. पुढं दिवाळीला माहेरी गेले. परतताना मिरजेच्या स्टँडवर बस बदलायची होती. तिथं बसले आणि उठवेना. आमच्या गावची बस आली, गेली. पुण्याच्या बसची पाटी समोर होती, पुण्यात माझी एक मैत्रीण होती. पिशवीत ती जळकी पाठ होती. सगळी दुपार त्या बाकावर बसून काढली. दुसरी बसही सोडली. शेवटी संध्याकाळच्या गाडीत चढले ती आमच्याच गावच्या. का चढले ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरी आल्यावर म्हणाले, “बस बंद पडली होती.”

प्रमिलाचे डोळे भरले होते. मण्यांची परडी बाजूला सारून तिनं माझा हात धरला. “माझ्या गळ्याची शपथ हेमे, हे माझ्यापाशीच राहील.”

मला फार हलकं वाटलं त्या दिवशी.

लग्न झालं. एक काम अडलं नाही. विहीणबाईंनी रुखवताभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आत्तींची मान सरळ राहिली. कादंबरीचा शेवट मात्र लग्नाच्या धांदलीत राहिला होता. तो मी दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं घर आडवं झालेलं असताना, मांडवातल्या उलट्या कढईवर बसून वाचला. वाचून झाल्यावर कितीतरी वेळ पुस्तक मिटवलं नाही. ते प्रमिलाला सांगायचं राहून गेलं.

रविवारी नाईक सरांनी मुद्दाम निरोप धाडला होता, विहीणबाईंनीही यावं. म्हणून आत्ती आल्या, लग्नातलं नवं लुगडं नेसून, दुसऱ्या रांगेत. वैजू सासूशेजारी बसली होती, कोपरापर्यंत हिरवा चुडा. मी भिंतीकडेला बसून मनातल्या मनात माझी वाक्यं घोळवत होते. मला सगळं येत होतं.

सरांनी चिठ्ठी उचलली. “पहिलं नाव, सौ. प्रमिला शेटे.”

मी हसले. खरंच हसले. वाटलं, बघा लबाड, मला चकित करायला चोरून वाचलंन की हिनं.

प्रमिला उभी राहिली, पदर खोचला, लोकांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, “भागीरथी नदीला भीत नाही, घराला भिते.”

टाळी पडली.

पुढचं मी कसं ऐकलं ते विचारू नका. लेखक कुठं घाई करतो, भागीरथी कुठं खोटं बोलते, वल्हं धरताना तिचे हात नवऱ्यापेक्षा कसे वेगळे, सगळं त्याच क्रमानं, माझ्याच शब्दांत. फक्त माझ्यापेक्षा फार छान. एकेक वाक्य तिच्या तोंडून गेलं की माझ्याकडचं तेवढं कमी व्हायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथं बीळ मी स्वतः कोरून, सारवून, दिवा लावून दिलं होतं.

कादंबरीचा शेवट तिला ठाऊक नव्हता. तो तिनं ऐकलाच नव्हता. म्हणून तिनं माझ्यावर शेवट केला.

“आणि मग,” तिचा आवाज खाली आला, “सासूनं भागीरथीची पुस्तकं बंबात घातली. राखेत तिला एका पुस्तकाची जळकी पाठ सापडली. ती पिशवीत घालून ती मिरजेच्या स्टँडवर जाऊन बसली. एक बस गेली. दुसरी गेली. सगळी दुपार गेली. शेवटी ती परत फिरली त्याच घरी. आणि दारात उभी राहून काय म्हणाली, ठाऊक आहे? म्हणाली, बस बंद पडली होती.”

बायका पदरानं डोळे टिपत होत्या. दुसऱ्या रांगेत आत्तींचा वारा घेणारा हात मांडीवर आला आणि तिथंच राहिला.

टाळ्या थांबल्यावर नाईक सरांनी चष्मा पुसला. “सुरेख बोललात प्रमिलाबाई. एकच शंका. भागीरथीच्या काळी बैलगाड्या होत्या. मिरजेला एसटी कुठून आली? मी कादंबरी दोनदा वाचलीय. माझ्या पुस्तकात तरी ही एसटी नाही.”

मागून कुणीतरी हसलं. प्रमिलाचा चेहरा उतरला. क्षणभर मला तिची कीवसुद्धा आली.

“मला हेमानं सांगितलं, सर,” ती म्हणाली. “पुस्तकातच आहे म्हणून सांगितलंन. माझे डोळे दुखतात, मी तिच्याकडूनच ऐकली. तिनं असं का सांगितलं, मला काय माहीत.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

“हेमाताई?” सर म्हणाले.

मी उभी राहिले. अगदी दातांच्या मागं आलं होतं, ‘पुस्तकातलं नाही ते, माझं आहे.’ एवढंच म्हटलं असतं की पुढचं सगळं लोकांनी आपसूक जोडलं असतं. कुठली सासू, कुठला बंब. आत्तींच्या लेकीला सासरी जाऊन चार दिवस झालेले, आणि व्याही समोरच्या खुर्चीत. मी आत्तींकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. टेबलाच्या पायाकडं बघत होत्या, ताठ बसून.

“हो सर,” मी म्हणाले. “माझीच गफलत. सांगताना दुसरंच काही मिसळलं.”

“दुसरं म्हणजे?”

“कुठंतरी वाचलेलं.”

“मग कादंबरी पुरी वाचलीत की नाही?”

“वाचली, सर.”

माझा मलाच तो आवाज खोटा वाटला. सर समजुतीनं हसले. “असू दे, असू दे. लग्नघरात कुठलं वाचन होतंय. तुमचं सगळं लक्ष आमच्या सूनबाईंच्या रुखवतात. पुढच्या वर्षी बोला.”

त्यांनी माझी चिठ्ठी काढलीच नाही. मला माफ केलं. त्या माफीइतकं मला आयुष्यात दुसरं काही लागलेलं नाही. पहिला नंबर एका बँकेतल्या गृहस्थांना गेला. प्रमिलाला बोलण्याच्या शैलीसाठी म्हणून उत्तेजनार्थ गुलाबाचं फूल मिळालं.

बाहेर चपलांच्या ढिगाऱ्यापाशी तिनं मला गाठलं. “हेमे, रागावलीस?”

मी चपला शोधत राहिले.

“अगं, तसं नको ना बघू. मी ऐनवेळी नाव दिलं. आणि ते तुझं… ते इतकं छान होतं गं. पुस्तकात असायलाच हवं होतं.”

“ते माझं होतं, प्रमिला.”

“मग तुझं नाव कुठं घेतलं मी?”

“घेतलंस की,” मी म्हणाले. “शेवटी तेवढंच घेतलंस.”

तिच्या हातात गुलाब होता. तो कुठं ठेवावा हे तिला समजत नव्हतं. मी निघाले.

आत्ती पुढं चालत होत्या, मी मागं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. प्रमिलानं केसानं गळा कापला होता, आणि आता घरात काय वाढून ठेवलंय ते दिसत होतं. सासूची बदनामी सुनेच्या तोंडून निघून गावभर झाली, भले नाव न घेता का होईना.

घरी आल्यावर आत्ती चौकटीत बसल्या. “पाणी आण.”

मी आणलं. त्यांनी सगळा तांब्या संपवला.

“कधी सांगितलंस तिला?”

“मागच्या आठवड्यात.”

“आठवडा,” आत्ती म्हणाल्या. “आठवडाबी दम न्हाई निघाला तिला. मी सात वर्सं सांगितलं न्हाई कुणाला.”

मला काहीच कळेना.

“तुझे मामा त्या दिवशी मिरजंलाच हुते.” सासऱ्यांना मी मामा म्हणायची, ते जाऊन तीन वर्षं झाली होती. “दुकानाचा माल आणायला गेल्ते. त्यांनी बघितलं तुला बाकड्यावर. हाक मारणार हुते, पण न्हाई मारली. म्हणले, पोरीचं तोंड हाक मारण्यासारखं नव्हतं. समोरच्या हाटेलात बसून ऱ्हायले, चहावर चहा घेत. तू सांजच्या गाडीत चढलीस, तवा ते मागच्या बाकावर येऊन बसले. हितं उतरून लांबच्या वाटंनं घरी आले, तुझ्या मागनं.”

मला त्या दिवशीची गाडी आठवत होती. मागं वळून बघितल्याचं आठवत नव्हतं.

“मी म्हटलं, मग तिला इचारू का आता, कुठं निघाली हुतीस ते? तर मलाच वरडले. म्हणले, पोरगी आली न्हवं परत? मग बस बंद पडली हुती. असंच समजायचं.”

मग मी विचारलं, सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “आणि पुस्तकं?”

“ती मी जाळली.” आत्तींनी माझ्या डोळ्यात बघितलं. “चुकून न्हाई, मुद्दाम जाळली. मला वाटायचं, ती हायत तवर तू ह्या घरची हुणार न्हाईस. आता खोटं कशाला बोलू?”

त्यांनी माफी मागितली नाही. मीही त्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. पण मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले, आणि ते रडणं जळलेल्या पुस्तकांचं नव्हतं. माझा हात धरून शपथ घेणारीचं होतं.

“कार्ड आण तुझं वाचनालयाचं,” आत्ती म्हणाल्या.

मी डोळे पुसून उठले. कबूल केलं होतं ना. देवळीतून कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी ते उलटंसुलटं बघितलं, माझ्या नावावरून अंगठा फिरवला आणि परत माझ्यापुढं धरलं.

“लग्नाचं एकबी काम अडलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “ठेव.”

समितीची खुर्ची मला पुढं कधी मिळाली नाही. मी पुन्हा तिथं बोलायला उभीच राहिले नाही. वाचत मात्र राहिले. प्रमिला अजून समोरच राहते. पोरांच्या लग्नाच्या पत्रिका दिल्या-घेतल्या, अक्षता टाकल्या. पण तिला काही सांगितलं असं पुन्हा कधी झालं नाही, आणि खरं म्हणजे कुणालाच नाही. ते मात्र मी तिला माफ करू शकलेली नाही. माझी दुपार गेली, खुर्ची गेली, ते एक वेळ सोडा. सांगण्यातलं सुख गेलं.

त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी ती आली होती. मी मागं बंबापाशी पुस्तक परत करण्याआधी शेवटचं प्रकरण पुन्हा वाचत बसले होते. जाळीच्या खिडकीतून पुढचं दार दिसत होतं. तिच्या हातात तोरणाचे उरलेले मणी होते, एका वाटीत.

“आत्ती, हेमा आहे का?”

आत्ती दारात उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. “न्हाई. माहेरी गेलीया.”

“आज? अशी अचानक? कधी येईल?”

“काय सांगावं बाई,” आत्ती म्हणाल्या. “बस बंद पडली तर लागंल येळ.”

प्रमिला वाटी धरून उभीच राहिली. माझ्या चपला तिथंच उंबऱ्यापाशी, त्या दोघींच्या मधे पडल्या होत्या.